न मागता येणारे पैसे

कोषागारात नोकरी केलेल्या माणसाला नोव्हेंबर महिना विसरता येत नाही. १ तारखेपासून राज्य शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांच्या याद्या बँकांच्या शाखांमध्ये पोचतात. आपलं नाव शोधायचं आणि त्याच्यासमोर सही करायची, नाहीतर अंगठा द्यायचा. ३० तारखेपर्यंत ती जागा रिकामी राहिली, तर डिसेंबरची पेन्शन थांबते. याला हयातीचा दाखला म्हणतात. या याद्या तयार करणं आणि परत आल्यावर एकेक नाव ताडून पाहणं यात माझी बरीच नोकरी गेली. आता मी सासरच्या गावी, मेडशीला राहते आणि माझंही नाव अशाच एका यादीत असतं.

पेन्शनीचं काम करताना टेबलाच्या पलीकडे जी माणसं बसायची, त्यांच्याकडे पाहून एक गोष्ट मनात पक्की होत गेली. निवृत्त माणसाला सुख होतं ते न मागता मिळालेल्या गोष्टीचं. त्याचे बहुतेक बारीकसारीक त्रासही मागावं लागण्याचेच असतात. रक्कम किती आहे, हा प्रश्न नंतरचा. पाच आकडी पेन्शन घेणारे साहेब मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून घ्यायला नातवाची वाट पाहत चिडलेले मी पाहिले आहेत. त्यांच्याहून कितीतरी कमी पेन्शन असलेली शिपायाची विधवा पहिल्या आठवड्यात पासबुक भरून घेऊन समाधानाने घरी जाताना पाहिली आहे.

कायद्यानेही हीच गोष्ट मान्य केली आहे, आणि तीही आपल्या मराठी माणसांच्या साक्षीने. संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले डी. एस. नाकारा आणि इतर काहीजण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित पेन्शनीतून वगळलं होतं, हे त्यांचं म्हणणं. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १७ डिसेंबर १९८२ ला निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर त्या पीठावर होते, निकालपत्र न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिलं. पेन्शन ही सरकारने खूश होऊन दिलेली बक्षिसी नव्हे, केलेल्या सेवेतून उभा राहिलेला तो हक्क आहे, असा त्याचा गाभा. १७ डिसेंबर हा दिवस म्हणूनच देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळतात. आपल्या राज्याचे निवृत्तिवेतन नियमही १९८२ चेच. नोकरीत लागले तेव्हा ते पुस्तक हातात पडलं, त्याची पानं सुटेपर्यंत वापरलं.

मेडशी अकोला-वाशिम रस्त्यावर आहे. अकोल्याहून निघालं की पातूर सोडल्यावर घाट लागतो, दोन्ही अंगांना सागाचं रान येतं आणि मग आमचं गाव. मालेगाव तालुका, वाशिम जिल्हा. हा जिल्हाही १ जुलै १९९८ चा; त्याआधी आम्ही अकोल्याचेच. आता रस्ता चौपदरी झाला आहे. अकोला ते मेडशी आणि मेडशी ते वाशिम असे त्याचे टप्पे पाडले होते, त्यामुळे बाहेरच्या कितीतरी लोकांना गावाचं नाव पाटीवरूनच माहीत झालं. गावात आमच्या वयाची माणसं सकाळी फिरायला निघतात ती याच रस्त्याच्या कडेने. गाड्यांचा वेग फार, पलीकडे जायचं तर जीव मुठीत धरून थांबावं लागतं. तरी फिरणं सुटत नाही. परत येताना कुणाच्या तरी ओट्यावर चहा होतो, पेपरची पानं वाटून वाचली जातात, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी करायचं, हे ठरतं.

मला विचाराल तर निवृत्तीतलं माझं आवडतं काम म्हणजे हिवाळ्यात ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलणं. पौषात शेंग भरलेली असते. नख लावलं की शिरेवर फुटते, आत हिरवे, क्वचित जांभळट टिपके असलेले चार-पाच दाणे. यालाच आम्ही सोले म्हणतो. नोकरीत असताना सोल्याची भाजी म्हणजे रविवारची घाई होती, बहुतेक वेळा सोललेले विकत आणायचे. आता टोपलंभर शेंगा घेऊन बसते, शेजारच्या दोघी येतात, सोलता सोलता अर्ध्या गावाची खबरबात होते. पण एक सांगते, बाईची निवृत्ती पुरुषाइतकी पुरी होत नाही. ५८ व्या वर्षी कार्यालयाने मोकळं केलं, चुलीने केलं नाही. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या सहकारी पुरुषांना पहिल्या महिन्यात दिवस जात नव्हता. आम्हा बायकांना दिवस पुरत नव्हता. घरातल्यांना वाटतं, आता ही मोकळीच आहे. हा त्रास कुठल्याच अर्जात लिहिता येत नाही.

देण्याचं सुख मात्र पेन्शनीने दिलं. आषाढीला निघालेली शेगावची गजानन महाराजांची पालखी अकोला, पातूर करत मेडशीला येते आणि पुढे डव्ह्याच्या नाथनंगे महाराजांच्या स्थानाकडे, मालेगावकडे जाते. त्या दिवशी गाव उठून बसतं. पोळ्या लाटायला, पाणी द्यायला, थकलेल्या वारकऱ्याच्या पायाला तेल लावायला सगळ्यात पुढे असतात ती निवृत्त माणसं. त्यांच्याकडे वेळ असतो हे खरंच, पण आपल्या खात्यातले चार पैसे कुणाला न विचारता काढता येतात, हेही तितकंच खरं. एक निवृत्त वनरक्षक आहेत, दरवर्षी चहाची साखर त्यांच्याकडून येते. मुलगा चांगला कमावता आहे, द्यायला तयारही असतो. ते म्हणतात, ‘‘नाई, हे माह्या पैशाचंच पायजे.’’

पण गावात पेन्शन सगळ्यांची सारखी नसते, आणि बहुतेकांना तर नसतेच. गुरुजी, ग्रामसेवक, वनरक्षक यांचं बरं असतं. एसटीचा चालक मात्र कर्मचारी भविष्य निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत येतो. ती १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. हिशेब सोपा आहे : पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. हे वेतन किती धरायचं त्याला मर्यादा होती, आधी ५०००, मग २००१ पासून ६५००, सप्टेंबर २०१४ पासून १५०००. म्हणजे आजच्या मर्यादेचं पूर्ण वेतन आणि ३५ वर्षं धरली तरी उत्तर येतं ७५००. जुन्या काळात निवृत्त झालेल्या चालकाला याच्या निम्मेही येत नाहीत. किमान पेन्शन २०१४ मध्ये १००० रुपये ठरली. त्यावर महागाई भत्ता नाही. या घाटातून रात्री-अपरात्री आमच्या गाड्या सुखरूप नेणाऱ्या माणसाचा हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला, तेव्हा मलाच बोलवेना. शेजारच्या बुलढाण्यात या योजनेतल्या पेन्शनरांनी डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण मांडलं, ते उगाच नव्हे. सत्तरीच्या माणसांना मांडवात आळीपाळीने उपाशी बसावं लागेल, इतका काळ पेन्शन वाढवण्याची साधी मागणी ताटकळत ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि शेतकऱ्याला, शेतमजुराला तर निवृत्तीचं वयच नाही. सोयाबीन सोंगायला आलं की साठी-सत्तरीचा माणूसही इळा घेऊन वाकतो. त्यातल्या निराधारांना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, ते बँकेच्या सेवा केंद्रात यंत्रावर अंगठा देऊन काढायचे. इथे जे घडतं ते एकदा जवळून पाहावं. सोंगणीत तळहात चिरलेले, अंगठ्याचं टोक दगडासारखं झालेलं. यंत्राचा लाल दिवा लागतो. केंद्रातला पोरगा म्हणतो, ‘‘बाबा, पुसा जरा.’’ बाबा अंगठा धोतराला पुसतात, मग केसांतून फिरवतात, कारण डोक्याच्या तेलाने ठसा उठतो हे गावाने शोधून काढलं आहे. पुन्हा लाल. दुसरं बोट, तिसरं बोट. मागे रांग. शेवटी, ‘‘उद्या या.’’ एकदा एक बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘वैनी, मी जिता हाओ, मंग माहा अंगठा काऊन उठत नाई?’’ वय वाढलं की बोटांच्या रेषा झिजतात, कष्टाच्या हातांच्या लवकर झिजतात, एवढंच त्याचं कारण. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१४ ला ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय सुरू केली तीही आधी बोटांवर आणि डोळ्यांवरच होती. २०२१ मध्ये चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय आली, त्याने पेन्शनरांची बरीच अडचण गेली. तसाच पर्याय १५०० रुपयांसाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक केंद्रात मिळाला पाहिजे. पेन्शनरापेक्षा त्याची गरज मोठी आहे.

न मागता मिळणं आणि मागून मिळणं यातला फरक आमच्या बसमध्ये रोज दिसतो. ६५ वर्षांवरच्यांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. त्यासाठी कार्ड दाखवावं लागतं. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याला काहीच दाखवावं लागत नाही. मी वाहकाकडे पैसे देते, तो अर्धं फाडतो, संपलं. माझ्या शेजारी बसलेले वयस्क गुरुजी गर्दीत खिसे चाचपत असतात, पिशवीतून प्लॅस्टिकची घडी काढतात, तीत कार्ड सापडत नाही, मागचे लोक ‘‘सरका ना बाबा’’ म्हणतात. सवलत दोघांनाही तेवढीच. अकोल्याहून रेल्वेने जायचं तर ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी बंद झाली. ती परत द्यावी, असं मला ठामपणे वाटतं. लेकीकडे पुण्याला जाणं वर्षातून दोनदा व्हायचं, ते अनेकांचं एकदाच होतं.

एक चांगली गोष्टही सांगते, कारण ती पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. निवृत्त होताना पेन्शनीचा काही भाग, जास्तीत जास्त ४० टक्के, विकून एकरकमी पैसे घेता येतात. घर बांधायला, मुलीच्या लग्नाला बहुतेकजण ते घेतात. तेवढी कपात दरमहा होत राहते आणि १५ वर्षांनी थांबते, पूर्ण पेन्शन परत सुरू होते. त्या महिन्यात पासबुकावर वाढलेला आकडा पाहून माणसं चक्रावतात. एक गुरुजी ‘जास्त पैसे आले, परत कसे करू’ म्हणून घाबरून आले होते. ‘‘गुरुजी, हे तुमचेच आहेत,’’ म्हटल्यावर त्यांनी पासबुक पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं. तारीख मात्र आपली आपण ध्यानात ठेवावी. वाढ दिसली नाही तर अर्ज करावा.

आता या लेखात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. टेबलाशी बसून सर्वांत जास्त हाल पाहिले ते पेन्शनर गेल्यावर त्याच्या बायकोचे. कुटुंब निवृत्तिवेतन तिचा हक्क आहे, साधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, त्यावर महागाई भत्ता. निवृत्तीनंतर लवकर मृत्यू झाला तर काही काळ त्याहून जास्त. पण अडतं ते नावावर. पीपीओवर, म्हणजे पेन्शनीच्या आदेशावर, एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरंच. एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं, कुठे नुसतं ‘बाई’ जोडलेलं. जन्मतारीख कुठेच नाही, कारण शाळेत घातलंच नव्हतं. तेराव्याच्या आतबाहेर त्या बाईला दिराच्या, पुतण्याच्या मागे लागून तालुक्याला चकरा माराव्या लागतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने येणारे पैसे तिला मागून मागून मिळवावे लागतात. नवरा जिवंत असताना हे काम एका अर्जाचं असतं.

म्हणून घरातल्या निवृत्त माणसाने एवढं करावं. कपाटातून पीपीओ काढावा आणि त्यावर पत्नीचं किंवा पतीचं नाव आहे का, आधारवर आहे तसंच आहे का, जन्मतारीख लिहिलेली आहे का, हे पाहावं. फरक असेल तर कार्यालयाला दुरुस्तीचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पेन्शनीचं खातं दोघांच्या नावावर करून घ्यावं. पीपीओ, पासबुक, दोघांची आधार कार्डं आणि दोघांचे एकत्र फोटो एका पिशवीत ठेवावेत, आणि ती पिशवी कुठे आहे हे बायकोला दाखवावं, मुलाला नुसतं सांगू नये. ज्यांना उठवत नाही त्यांच्यासाठी बँकेला आधीच कळवावं. दाखल्यासाठी बँकेचा माणूस घरी येऊ शकतो, पण कुणीतरी वेळेत सांगावं लागतं. दिवाळीला मुलं-सुना घरी आलेल्या असतात, त्यांच्या मोबाइलवर फोटो काढून घेणं, अर्ज लिहून घेणं या चार दिवसांत सहज होतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी माझ्याकडे यावं, दुपारी तीननंतर मी ओट्यावरच असते.