वाचलेले पैसे कुठे आहेत?

आमच्या घरात एक एक्सेल शीट आहे. म्हणजे माझ्या लॅपटॉपमध्ये आहे, पण तिचा उल्लेख घरात इतक्या वेळा होतो की ती चौथी खोली असल्यासारखीच वाटते. नाव ‘वाचले’. तारीख, वस्तू, एमआरपी, प्रत्यक्ष दिलेले पैसे, आणि शेवटच्या कॉलममध्ये हिरव्या अक्षरांत फरक. २०१८ पासूनच्या या फरकांची बेरीज गेल्या महिन्यात १,८६,४५० रुपये होती.

हा आकडा मी पाहुण्यांनाही सांगतो. (सांगायचो म्हणू या.)

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुठलीही वस्तू एका ऑफरवर घेणं हा नवशिक्यांचा प्रकार. खरी मजा थर लावण्यात, दहीहंडीसारखी. खाली सेलची किंमत. त्यावर साइटचं कूपन. त्यावर अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावर १० टक्के तात्काळ सूट, कमाल १५०० रुपये. त्यावर, साइट थेट न उघडता एखाद्या कॅशबॅक पोर्टलवरून उघडायची, म्हणजे ते वेगळे. आणि सगळ्यात वर कार्डाचे पॉइंट. माझ्यासारखे पोचलेले लोक याच्याही आधी बँकेच्या पोर्टलवर त्याच दुकानाचं गिफ्ट व्हाउचर घेतात, कारण तिथे पॉइंट पाचपट मिळतात, आणि मग त्या व्हाउचरनं पैसे भरतात. पण व्हाउचरनं भरले तर कार्डाची १० टक्के सूट जाते. मग दोन्हींचा हिशेब करायचा. रात्री पावणेबाराला. उद्या ऑफिस असताना.

हे पैसे येतात कुठून, हा प्रश्न बाबांनी मला एकदा विचारला होता. बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठलीही गोष्ट आत काय भरलंय ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. कॅशकरोसारखी पोर्टलं २०१३ च्या आसपास आपल्याकडे आली. ती दुकानाला गिऱ्हाईक आणून देतात, त्याची दलाली घेतात आणि त्यातला वाटा आपल्याला देतात. कोणी पाठवलं हे दुकानाला कळतं ते आपण दाबलेल्या लिंकवरून. शेवटची लिंक ज्याची, दलाली त्याची. म्हणून मधे दुसऱ्या कुठल्या साइटवर कूपन शोधायला गेलात की संपलं. आणि माल परत करायची मुदत उलटल्याशिवाय पैसे पक्के होत नाहीत, दोन-तीन महिने सहज जातात. पॉइंटांचं आणखी सोपं आहे. कार्ड घासलं की दुकानदाराला साधारण दोन टक्के सोडावे लागतात, त्यातलाच तुकडा आपल्या ताटात पडतो. युपीआयवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला असा आकार नाही, म्हणून तिथे आपल्यालाही फारसं काही मिळत नाही.

“म्हणजे बाजारातला दुकानदार देतो,” बाबा म्हणाले.

खडकी बाजारातले दुकानदार हे बाबांच्या आधीपासून ओळखून आहेत. कार्ड काढलं की म्हणतात, “साहेब, दोन टक्के वर लागतील, त्यापेक्षा क्यूआर मारा ना.”

आमच्या लहानपणीही घरात थर लागायचे, फक्त ते आई लावायची. आम्ही रेंज हिल्सच्या क्वार्टरमध्ये राहायचो. फॅक्टरीच्या सोसायटीतून किराणा, तो पगारातून कापला जायचा. साबण, चहा, टूथपेस्ट शेजारच्या सुभेदार काकांच्या कॅन्टीन कार्डावर. (हे नियमात बसत नव्हतं. पण रेंज हिल्समध्ये हे पाप न केलेलं घर मला दाखवा.) भाजी खडकी बाजारातून, संध्याकाळी उठता उठता, कारण तेव्हा वाटा स्वस्त होतो. जुन्या कपड्यांवर बोहारीण. बोहारणीशी आईची घासाघीस हा दुपारचा मोठा कार्यक्रम असे. बाबांच्या दोन पँटी आणि एका साडीवर तिनं स्टीलचं पातेलं पुढे केलं की आई ते ठोकून बघायची, बाजूला ठेवायची आणि झाकणासह डबा मागायची. बोहारीण बोचकं बांधून उठायची, जिना उतरायची, परत यायची. एक्सचेंज ऑफर म्हणजे दुसरं काय!

आणि बाबांचा फेस्टिव्हल ॲडव्हान्स. दिवाळीला सरकार बिनव्याजी रक्कम द्यायचं आणि दहा हप्त्यांत पगारातून कापून घ्यायचं. खरीखुरी नो कॉस्ट ईएमआय ती! हल्ली त्या नावानं जे मिळतं त्यात बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी रक्कम आधी किमतीतून कमी करतं, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्या गळ्यात. २४,००० च्या फोनला सहा महिन्यांत चार-साडेचारशे रुपये मी असे घातले आहेत, आणि शीटमध्ये लिहिलेले नाहीत. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट बजावलं होतं. बाबांचा ॲडव्हान्स सातव्या वेतन आयोगाबरोबर बंद झाला. २०२० च्या दिवाळीला सरकारनं एकदाच तो परत दिला, १०,००० रुपये, पण रूपे कार्डात भरून. बाबा तोवर निवृत्त होते. बातमी वाचून म्हणाले, “आता हेही घासायचं का!”

असो. मूळ गोष्ट बाबांच्या कानांची आहे.

वर्षभर त्यांना कमी ऐकू येत होतं. वयच झालंय, ७९. टीव्हीचा आवाज ३० वरून ४५ वर गेला. मग ते टीव्ही बघेनासेच झाले. मग जेवताना बोलेनासे झाले. आम्हाला वाटलं, शांत झालेत. आईला मात्र वेगळं वाटत होतं. ती म्हणाली, “अरे, ते शांत नाही झाले. त्यांना काही कळतच नाही, म्हणून हसतात नुसते.”

मग शिवाजीनगरला ऑडिऑलॉजिस्टकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. दोन्ही कानांना मशीन लागेल, जोडी ८४,००० रुपये. माझा हात सवयीनं खिशातल्या मोबाईलकडे गेला. “कुठल्या कार्डावर काही ऑफर?” त्या मुलीनं जरा विचार केला आणि म्हणाली, “ऑफर नाही सर. बॅटऱ्यांचं एक पाकीट देते.” श्रवणयंत्रावर जीएसटीसुद्धा शून्य आहे, म्हणजे तिथेही काही खेळायला जागा नाही. पोर्टलवर शोधलं. कानात घालायची स्वस्त यंत्रं ढीगभर होती, ३५ टक्के कॅशबॅकसकट, पण माणसाच्या कानाला मोजून बसवणारं कोणी त्यात नव्हतं.

घरी येऊन म्हटलं, बघू, दिवाळीचा सेल आहे, तेव्हा काहीतरी निघेल.

बायको कणीक मळत होती. मागे न बघता म्हणाली, “त्या शीटमधले घे ना. पावणेदोन लाख आहेत की त्यात.”

मी हसलो. ती हसली नाही. तिला खरंच वाटत होतं. म्हणजे टोमणा नव्हता हो तो, हे मला आणखी लागलं. इतकी वर्षं मी दर आठवड्याला अडीच हजार वाचले, अठराशे वाचले असं सांगत आलो, तर ते कुठेतरी असतील असं तिनं धरलं होतं. कुठल्या तरी खात्यात. “मग कुठे आहेत?” तिनं विचारलं.

त्या रात्री मी शीटमध्ये एक नवा कॉलम घातला. ऑफर नसती तर ही वस्तू घेतली असती का? हो किंवा नाही. सुरुवात जोरात झाली. आईचं वॉशिंग मशीन, हो. मुलीचा लॅपटॉप, हो. मग एअर फ्रायर आला. दुसरा एअर फ्रायर आला (पहिला बहिणीला दिला, कारण दुसरा फार स्वस्तात मिळाला). तीन ट्रॉली बॅगांचा सेट आला, आम्ही वर्षातून एकदा कोकणात जातो. ब्लूटूथ स्पीकर, तिसरा. पळायचे बूट. मी पळत नाही.

पहाटे दोनला बेरीज केली. ‘हो’ समोरचे फरक ४१,२०० रुपये. ‘नाही’ समोरच्या वस्तूंना प्रत्यक्ष दिलेले पैसे १,२९,०००. म्हणजे शीटच्या नावाचंच अवघड झालं.

आणि त्या ४१,२०० मध्येही भोकं होती. मेहुण्यासाठी माझ्या कार्डावर फोन घेतला होता, कारण ऑफर माझ्या बँकेची. त्याचे पैसे उशिरा आले, त्याला मागायचं कसं म्हणून मी गप्प, आणि त्या महिन्याचं बिल पूर्ण भरलं गेलं नाही. पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते, पुढच्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज, महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४० च्या वर. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. मला हे सगळं पाठ होतं. पाठ असूनही त्या फोनवर वाचलेले २,३०० रुपये दोन महिन्यांत परत गेले. शीटमध्ये ते अजून हिरवेच होते.

आईला सकाळी विचारलं, तू तेव्हा कॅन्टीनचं, सोसायटीचं एवढं करायचीस, त्यातले पैसे कुठे जायचे गं? तिला प्रश्नच कळला नाही. “कुठे म्हणजे? डब्यात.” बाजारात चहा बावीसचा, कॅन्टीनमध्ये अठराचा, तर चार रुपये बोर्नव्हिटाच्या डब्यात, त्याच दिवशी. महिनाअखेरी डबा उपडा करून खडकीच्या पोस्टात, आरडीला. न टाकले तर ते वाचले असं ती धरतच नसे. माझ्या बारावीनंतरच्या कॉम्प्युटर कोर्सची फी त्यातून गेली होती, हे मला तेव्हा माहीत होतं. ते चहाच्या चार रुपयांचे होते, हे माहीत नव्हतं.

“तुझा डबा कुठाय?” तिनं विचारलं. सासू-सुनेनं संगनमत केल्यासारखं.

शेवटी एक एफडी मोडली, मुदतीआधी, म्हणून व्याज थोडं कमी मिळालं. पैसे कार्डानं भरले, हे कबूल करतो. पॉइंट सोडवेनात. १,२६० मिळाले.

मशीन बसवून बाबांना रिक्षानं घरी आणलं. रस्त्याचा आवाज ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. होळकर पुलावर म्हणाले, “एवढी बोंबाबोंब रोज असते?” घरी आल्यावर कुकरची शिट्टी झाली तेव्हा दचकले. आईनं स्वयंपाकघरातून, नेहमीच्या आवाजात, चहा ठेवू का म्हणून विचारलं आणि त्यांनी इकडून “ठेव” म्हटलं. ती बाहेर येऊन दारात उभी राहिली. काही बोलली नाही.

चहा पिताना बाबांनी विचारलं, “कितीला पडलं?”

मी सवयीनं एमआरपीपासून सुरुवात करणार होतो. तेवढ्यात टेबलावर माझा मोबाईल टुंग वाजला. सेलला आठ दिवस उरलेत, असं काहीतरी होतं.

“तुझा फोन वाजला,” बाबा म्हणाले.