मावशींची केळ

चेंबरचं झाकण उघडलं की मी आधी कडा बघतो. आतल्या गिलाव्यावर पाणी कुठवर चढून गेलं त्याची रेघ उमटलेली असते, चहाच्या कपात असते तशी. रेघ तळाच्या नालीतच असेल तर लाइन धडधाकट. वीतभर वर असेल तर पुढं कुठंतरी अडलंय, आणि ते आजकालचं नाही. चेंबर कोरडं ठाक असेल, कोपऱ्यात कोळ्यानं जाळं धरलं असेल, तर पाइप मागंच कुठंतरी फुटलाय आणि घरचं सगळं घाण पाणी जमिनीच्या पोटात चाललंय. घरमालकांना हा तिसरा प्रकार फार आवडतो. "बघा मिस्तरी, आमचं चेंबर कसं स्वच्छ!"

नांदेडात तीस वर्षं झाली हे काम करतोय. नळ, टाक्या, गिझर सगळं केलं, पण नाव झालं ते संडासाच्या लाइनींसाठी. नाव झालं म्हणजे काय, तर तुंबलं की फोन येतो. नळाच्या प्लंबरला चहा कपातून मिळतो, ड्रेनेजच्या प्लंबरला कागदी ग्लासातून. हात धुवायला पाणी वरून ओततात, मग्गा हातात देत नाहीत. पहिल्यांदा लागलं होतं. आता मी पाणी ओतणाऱ्याचा हात बघतो. घाईनं ओतणारा पैशालाही घासाघीस करतो, हा अनुभव आहे.

माझ्या वस्तादाकडं दोन हत्यारं कायम असायची, एक टॉर्च आणि एक दाढीचा आरसा. वरच्या चेंबरात पोऱ्यानं टॉर्च पाइपाच्या तोंडाशी धरायचा, खालच्या चेंबरात वस्ताद आरसा तिरका धरून बसायचा. पाइप सरळ असला तर आरशात उजेडाचा पुरा गोल दिसतो. मधेच पाइप खचून तिथं पाणी साचलं असेल तर गोल खालून कापला जातो. वस्ताद दखनीत ओरडायचा, "चांद पुरा दिख रा क्या रे?" आणि माझ्याकडं आरसा द्यायचा. पौर्णिमा, अष्टमी, बीज. खड्डा फारच असला तर अमावस्या, म्हणजे उजेडच येत नाही. आता माझ्याकडं मोबाइलला जोडायचा कॅमेरा आहे, भाचा तो चालवतो. मुळ्या, चिरा, अडकलेलं फडकं बघायला कॅमेऱ्यासारखं काही नाही. पण ढाळ सांगायला आरसाच लागतो. कॅमेरा पाइपाच्या आतून चालतो, त्याला पाइप वर गेला की खाली गेला ते कळत नाही.

ढाळ हा या धंद्याचा आत्मा. चार इंची पाइपाला चाळीसला एक, सहा इंचीला साठला एक. वीस फुटाला सहा इंच उतार, एवढं पाठ असलं तरी पोट भरतं. कमी दिला तर मैला बसतो हे कुणालाही पटतं. जास्त दिला तर पाणी पुढं पळून जातं आणि मैला मागं राहतो, असं वस्ताद सांगायचा. हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड. "भरपूर उतार द्या, पैसे घ्या" म्हणतात.

आता मातीकडं येतो, कारण आमच्याकडचं सगळं दुखणं तिथं आहे. मराठवाड्यात लाइन पावसाळ्यात फुटते असा समज आहे. पावसाळ्यात ती कळते, फुटलेली असते उन्हाळ्यात. आमची काळी माती बेसाल्टच्या खडकापासून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. नाव नीट उच्चारायला मला दोन दिवस लागले, गुण मात्र लहानपणापासून माहीत. पाणी प्यालं की फुगतं, वाळलं की आक्रसतं. मे महिन्यात काळ्या रानातल्या भेगेत हात घाला, कोपर आत जातं. घराचा पाया मुरमावर नेऊन ठेवलेला असतो, तो जागचा हलत नाही. संडासाचा पाइप मात्र दोन फुटांवर त्या काळ्या मातीतच झोपलेला. माती खाली गेली की पाइप तिच्याबरोबर खाली जातो, आणि त्याचं एक टोक भिंतीत धरलेलं असतं. दहातल्या सात-आठ लाइनी मला भिंतीपासून हातभर अंतरावरच तुटलेल्या सापडल्यात. खणायला कुठून सुरुवात करायची हे मी म्हणून विचारत नाही.

जुन्या घरांत चिनी मातीचे पाइप आहेत, स्टोनवेअरचे. एकेक तुकडा दोन फुटांचा, म्हणजे वीस फुटांत दहा सांधे. सांध्यात डांबरात बुडवलेली सुतळी ठासायची आणि वरून सिमेंट. पाइप तसा अमर असतो, शंभर वर्षांनीही टणक वाजतो. पण सिमेंटचा सांधा वाकत नाही, आणि माती हलायची थांबत नाही. लातुराकडं गेलं की अशा प्रत्येक चिरेचं खापर लोक किल्लारीच्या भूकंपावर फोडतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेनं फार मोठं नुकसान केलं, त्यात वाद नाही. पण २००५ साली बांधलेल्या घराचा मालकसुद्धा मला "भूकंपात गेली असंल" म्हणाला, तेव्हा मी गप्प बसलो.

लाइन फुटल्याची लक्षणं फरशीवरच असतात, खाली वाकून बघायची तयारी पाहिजे. एकच नहाणी तुंबली तर दोष तिथल्या तिथं. संडासात पाणी ओतल्यावर बाथरूमच्या नहाणीत गुडगुड झाली तर दोष पुढच्या सामायिक लाइनीत. ओट्याखाली सारखी झुरळं, अंगणातली फरशी बोटाच्या पेरानं वाजवली की पोकळ, भिंतीच्या पायाला पांढरा खार. घुशीनं बीळ काढलं असेल तर मी त्या बिळाच्या दिशेनंच खणतो. घूस पाइप फोडते असं म्हणतात, पण ती बहुतेक वेळा आधीच फुटलेल्या जागी येते आणि माती उकरून पाइपाखाली पोकळी करते. तुळशीवृंदावन एका बाजूला कललं असेल तर तेही बघतो. गिऱ्हाइकाला वाटतं मिस्तरी देवाच्या पाया पडतोय.

आणि झाडं. दुष्काळात झाडाच्या मुळ्या ओल हुडकत जातात, आणि कोरड्या जमिनीत बारमाही ओल असते ती फक्त संडासाच्या सांध्यापाशी. एकदा नांदेडात एका दत्तभक्ताच्या अंगणातल्या उंबराची मुळी सांध्यातून आत शिरली होती. दत्ताचं माहूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळं त्याच्या उंबराला हात लावायचं नाव काढता येत नाही. मग दर दोन वर्षांनी मी जायचो, मुळ्या कापून बाहेर ओढायचो. बायकांच्या गंगावनासारखा झुपका निघायचा, काळा, ओला, हातभर लांब. शेवटी त्यांची लाइनच दुसऱ्या बाजूनं वळवली. उंबर अजून उभा आहे.

नांदेडात निदान जमिनीखालून मोठी लाइन तरी आहे. २००८ च्या शिखांच्या गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीआधी शहर खणून काढलं होतं, रस्ते, पूल, ड्रेनेज सगळं एकदम. तेव्हाच्या उघड्या चरांत उभं राहून मी लेव्हल बघायला शिकलो. लातुरात घरोघरी सेप्टिक टँक. आणि तिथल्याच एका घराची गोष्ट मला सांगायचीय, ते घर माझ्या थोरल्या बहिणीचं.

२०१६ चा मे महिना. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाण्याच्या टाक्यांभोवती मार्चमध्येच १४४ कलम लागलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. अक्काचा फोन आला, "हौदाच्या पाण्याला वास येलालाय. टँकरवाल्यानंच घाण पाणी घातलं म्हणत्यात. तू ये बरं एकदा."

सकाळच्या एसटीनं गेलो. आरसा पिशवीत. अंगणात पाय टाकला आणि मला केळ दिसली. सगळ्या गल्लीत हिरवं पान नाही, कडुलिंबसुद्धा धुरकट, आणि हौद आणि सेप्टिक टँकच्या मधोमध ही केळ नव्या नवरीसारखी तरारलेली. अक्काच्या सासूबाई, आमच्या मावशी, कौतुकानं म्हणाल्या, "पाणी घालत न्हाई पावणं, चूळसुद्धा टाकत न्हाई. देवाची कृपा हाय." मी काही बोललो नाही. बहिणीच्या सासरी पहिल्या पाच मिनिटांत काय बोलणार?

टँकच्या आधीचं चेंबर उघडलं. कोरडं. जाळं. घरात सहा माणसं. संडासात तांब्या-दोन तांबे पाणी, तेही कपडे धुतलेलं. एवढ्या पाण्यात मैला पुढं सरकत नाही, पाइपातच वाळून गोवरी होतो. त्या उन्हाळ्यात लातुरातल्या किती लाइनी अशा सुकून बसल्या असतील देव जाणे. इथं मात्र जे थोडं पाणी जात होतं तेही टँकपर्यंत पोचत नव्हतं. दाजी म्हणाले, एक माणूस आणतो, टँकमध्ये उतरून आतून बघंल. मी साफ नाही म्हणालो. वस्ताद तरुणपणी उतरायचा, आणि त्याचा एक जोडीदार वर आला नव्हता. टँकमधला वायू आधी सडक्या अंड्यासारखा वास मारतो, आणि जास्त झाला की वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं हवा चांगली झाली. २०१३ च्या कायद्यानं असं माणूस उतरवणं गुन्हा आहे. त्यात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं होतं, २०२३ मध्ये तो आकडा तीस लाख केला. दाजी शिकलेले, त्यांना कायदा ठाऊक होता. माझ्या आवाजामुळं गप्प बसले असावेत.

रंगपंचमीची हिरव्या रंगाची एक पुडी घरात तशीच पडून होती. त्या वर्षी लातुरात रंग खेळायला पाणी कुठलं? संध्याकाळी ती पुडी धुण्याच्या बादलीभर पाण्यात कालवून संडासात ओतली. पहाटे हौदात टॉर्च मारला. केळीकडच्या कोपऱ्यात गिलाव्याच्या चिरेतून एक हिरवी रेघ खाली उतरलेली होती, मेंदीचा ओघळ येतो तशी.

टँकरवाला निर्दोष होता. हौद काठोकाठ भरलेला असता तर आतलं पाणी चिरेतून बाहेर ढकलत राहिलं असतं आणि ही घाण आत आली नसती. पण हौदाच्या तळाला फूटभर पाणी, वरच्या भिंतीला आतून दाब नाही, आणि बाहेरच्या काळ्या मातीत बोटबोट भेगा. नळाच्या पाइपाचंही असंच असतं. आठ-दहा दिवसांनी पाणी सोडतात, मधल्या काळात रिकामा पाइप बाहेरची ओल आत ओढून घेतो. दुष्काळात काविळीची साथ का येते, याचं अर्धं उत्तर या रिकाम्या पाइपांत आहे असं मला वाटतं.

हे सगळं मी अक्काला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. तिनं हातातली परात खाली ठेवली. मावशींना सांगायचं धाडस दाजींनी केलं. हौदात तेव्हा हजारभर लिटर पाणी होतं, विकतचं. मावशी हौदाच्या झाकणावर जाऊन बसल्या. "रेल्वेनं पाणी येलालंय गावाला, आन् तुमी वतून द्याया निघालाव?"

ओतून दिलं नाही. घरातले ड्रम, टब, जुनं तांब्याचं घंगाळ, सगळं त्या पाण्यानं भरलं आणि प्रत्येकावर खडूनं फुली मारली. फुलीचं पाणी फक्त संडासाला. हौद घासला, चीर फोडून वॉटरप्रूफिंगचं औषध घातलेल्या सिमेंटनं भरली, ब्लीचिंग पावडरनं धुतला.

खणायला लागलो भिंतीपासून. तिसऱ्या सांध्याला पाइप दोन बोटं खाली उतरला होता, आणि त्या फटीत केळीच्या पांढऱ्या मुळ्या गच्च. खाली माती वाहून जाऊन कळशी मावेल एवढी पोकळी. दाजी म्हणाले तेवढा सांधा सिमेंटमध्ये गाडून टाकू. हा सल्ला मला प्रत्येक घरात मिळतो. सिमेंटचा गोळा करून तो सांधा पक्का होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारचा सांधा जातो. मी चौदा फुटांतले सातही तुकडे काढले. चर अर्धा फूट जास्त खोल घेऊन काळी माती बाहेर फेकली, खाली मुरूम आणि वाळू कुटून बसवली. वर तपकिरी यूपीव्हीसी पाइप, जमिनीखालच्या ड्रेनेजसाठी जो मिळतो तो. भिंतीपाशी एक हातभर तुकडा दोन्ही बाजूंनी रबरी रिंगच्या सांध्यांवर ठेवला, म्हणजे माती हलली तर तो गुडघ्यासारखा वाकेल. लंडनमध्ये १९७१ साली एरिक वूड नावाच्या इंजिनिअरनं न खणताच जुन्या गटारात राळेत भिजवलेला कापडी नळा घालून आतून नवा पाइप तयार केला होता. पण आमच्या खचलेल्या लाइनीत तसं अस्तर घातलं तर तेही खचलेलंच राहील. ढाळ परत आणायचा तर खणावंच लागतं.

टँककडचं तोंड गोणपाट आणि माती ठासून बंद केलं आणि फुलीच्या ड्रममधून तीन बादल्या पाणी लाइनीत भरलं. वरच्या कडेला खडूची रेघ मारली. अर्धा तास दाजी घड्याळ घेऊन बसले, मी विडी ओढली. पाणी रेघेवरून हललं नाही. गोणपाट ओढलं, घळ्ळकन सगळं टँकमध्ये गेलं. मग भाच्याला वर टॉर्च घेऊन बसवलं, आणि मावशींना खाली बोलावून आरसा दाखवला. त्यांनी पदर नाकाला लावून वाकून बघितलं. "गोल दिसलालंय," म्हणाल्या, आणि लगेच, "आता माझ्या केळीला वल कुठून मिळंल?"

पुढं महिनाभर त्या घरात संडासाला बादलीभर पाणी पडत होतं. त्या मे महिन्यात लातुरात एवढी चैन दुसऱ्या कुठल्या लाइनीची झाली नसेल. केळ पंधरा दिवसांत माना टाकून बसली. सप्टेंबरअखेरच्या पावसानं मांजरा भरलं, तोवर ती गेली होती. आता दिवाळीत गेलो की मावशी फराळाचं ताट पुढं करतात, चहा कपातून देतात आणि पाहुण्यारावळ्यांना माझी ओळख करून देतात, "ह्यो अक्काचा भाऊ. ह्यानंच माझी केळ मारली."