ईच्चम, आवारात ये

प्रिय ईच्चम,

चेन्नईत नवी इमारत उभी राहिली की फाटकापाशी पामांची रांग लागते. अरेका मूळचा मादागास्करचा, फॉक्सटेल ऑस्ट्रेलियाचा, आणि ठेंगणाच पाम हवा असेल तर मेकाँगच्या काठची रोबेलिनी. नर्सरीत तुझं, इथल्याच ठेंगण्या पामाचं, नाव काढलं की माळी हसतो. रानातलं काटेरी झुडूप पैसे देऊन कोण नेणार? कोरोमंडलचा किनारा तर तुझं माहेर. इथल्या रेताड जमिनीत, कोरड्या झुडपी रानात तू कुणाला न विचारता वाढतेस.

मराठी घराला तू परकी नाहीस. तुझी थोरली बहीण शिंदी केरसुणी होऊन आमच्याकडे येते आणि लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू घेते. तुझ्या पातींच्या चटया नि टोपल्या इथली माणसं विणतात, उन्हाळ्यात तुझी काळसर जांभळी फळं खातात. गर बेताचाच, बाकी सगळी बी, पण गोड. विल्यम रॉक्सबर्गने कोरोमंडलच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात तुझं चित्र छापलं आणि दुष्काळात लोक तुझ्या खोडातल्या गराचं पीठ खातात, हेही नोंदवलं. त्याने दिलेलं नाव मात्र टिकलं नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ गेर्टनरने 1788 मध्येच तुला 'फिनिक्स पुसिला' म्हटलं होतं, आणि नावाच्या बाबतीत आधी येणाऱ्याचा मान.

युरोपात चिवट पाम म्हणजे थंडी काढणारा. पादुआच्या वनस्पती उद्यानात 1585 साली लावलेला एक ठेंगणा पाम अजून आहे. 1786 मध्ये जर्मन कवी गटे त्याच्यापुढे थबकला होता. तरीही त्या चिवट पामाभोवती काचघर बांधावं लागलं! चेन्नईची परीक्षा वेगळी. मे महिन्यातली 'कत्तिरी'ची होरपळ, खारा वारा, ऑक्टोबरपासून झोडपणारा ईशान्य मोसमी पाऊस, आणि मधूनच एखादं वादळ. 12 डिसेंबर 2016 ला 'वरदा' आलं तेव्हा गुलमोहर, सोनमोहर रस्तोरस्ती आडवे झाले. तू बहुधा पुरुषभर उंचीची. वाऱ्याला धरायला तुझ्यापाशी फांदीच नाही.

तुला आवारात आणायचं तर रानातून उपटून नाही. ते पाप, शिवाय मूळ दुखावलं की तू रुसतेस. पिकलेल्या फळाचा गर काढून बी लगेच पेरायची, तीही खोल पिशवीत, कारण तू आधी खालचा विचार करतेस. बीतून निघालेला कोंब जमिनीत शिरतो, मूळ धरतो, आणि बऱ्याच दिवसांनी वर येते ती एकच अरुंद, टोकदार पाती. नवशिक्याला ते तण वाटतं नि तो ती खुरप्याने उडवतो. पिसासारखं पान दिसायला आणखी बराच काळ लागतो. बिल्डरला ही सवड नसते. त्याला ताबा देण्याआधी हिरवं दिसायला हवं. मला मात्र तुझा हा संथपणा आवडतो. दरवर्षी शिडी लावून कापायला लागत नाहीस, भिंतीला ढुशी देत नाहीस.

ऊन भरपूर हवं, बुडाशी पाणी साचता कामा नये. म्हणून वाळू मिसळून जागा जराशी उंच करायची. नर-मादी वेगवेगळ्या झाडांवर, आणि फुलोरा येईपर्यंत कोण कोण ते कळत नाही. एकटीला लावून फळांची वाट बघण्यापेक्षा तिघी-चौघी एकत्र लावलेल्या बऱ्या. फळं आली तर बुलबुल आधी येतील, हे गृहीत धरलंय.

राहता राहिले काटे. पानाच्या देठाकडच्या पात्या आकसून त्यांच्या सुया होतात, आणि सगळ्या एका दिशेला नाही, चहूकडे. जुनं पान काढताना जाड हातमोजे घातलेलेही पुरत नाहीत. सोसायटीच्या सभेत यावरून रण माजणार. मी जागा सुचवणार आहे मागच्या कुंपणाच्या भिंतीलगतची, मुलांच्या खेळण्यापासून लांब. तिथे तारेचं वेटोळं बसवायचा ठराव आधीच आलाय. त्या तारेच्या खर्चात तुझी रांग सहज होईल. खालचे काटे कात्रीने खुडायचं काम मी अंगावर घेतो, आणि पहिले दोन उन्हाळे पाणीही माझ्याकडे.

तुझा,
अड्यारचा एक मराठी रहिवासी