ओळख

१९७४ सालच्या हिवाळ्यातील ही गोष्ट. त्या वेळी आम्ही विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहत होतो. मी सातवीत होतो. आमच्या शाळेच्या क्रिकेट संघाने एक सामना जिंकला आणि दोन्ही संघांना मुंबईतील एका मोठ्या क्लबात दुपारच्या भोजनाचे आमंत्रण आले.

आईने तांब्यात निखारे घालून माझ्या सदऱ्याला इस्त्री केली. लोकलने आम्ही तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसला उतरलो व सरांच्या मागोमाग क्लबात शिरलो. समोर हिरवळ, कडेला वेताच्या खुर्च्या, आत शुभ्र चादरी अंथरलेली लांब मेजे! प्रत्येक ताटलीजवळ काटे-चमचे मांडलेले होते. शेजारी दुसऱ्या संघाचा एक मुलगा बसला होता. तो करील तसे मी करू लागलो.

जेवणाचा मक्ता बाहेरच्या कंत्राटदाराकडे होता. पांढरे कोट घातलेले वाढपी निमूटपणे वाढत होते. पुलावाचे पात्र घेऊन एकजण माझ्याजवळ आला. मी वर पाहिले. ते दामूअण्णा होते! आमच्या शेजारच्या इमारतीत राहणारे, सुटीच्या दिवशी मला चेंडू वळवायला शिकवणारे दामूअण्णा! त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटले.

“तुझ्या ओळखीचे आहेत का?” शेजारच्या मुलाने विचारले.

“नाही,” मी म्हणालो आणि मान खाली घातली.

अण्णांचे हसू मावळले. “आपल्याला आणखी वाढू का?” त्यांनी हळूच विचारले. एरवी मला ‘अरे बाळ्या’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडचा तो ‘आपल्याला’ माझ्या काळजात रुतला. पुढचा घास घशाखाली उतरेना.

परतताना गाडीत मुले क्लबाच्या थाटाविषयी बोलत होती. सर म्हणाले, “मुलांनो, एका टेबलाशी बसून जेवणे ही साधी गोष्ट नव्हे. पालवणकर बाळू हे आपल्या देशातील आरंभीचे थोर फिरकी गोलंदाज. अस्पृश्य मानलेल्या समाजात त्यांचा जन्म झाला. पुण्याला ते हिंदूंच्या संघातून खेळत. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चाले. पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणही वेगळे वाढले जाई. पुढे मुंबईच्या हिंदू जिमखान्यात त्यांना सहकाऱ्यांबरोबर जेवता आले. १९०६ साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात तर त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले.”

मुले कौतुकाने ऐकत होती. मी मात्र खिडकीबाहेर पाहत राहिलो. ज्यांनी बाळूंना बाहेर बसवले, त्यांचा मला राग आला. पण लगेच मनात आले, आज मी तरी वेगळे काय केले? ज्यांच्याकडून चेंडू टाकायला शिकलो, त्यांनाच मी चारचौघांत परके केले.

रात्री मी अण्णांच्या जिन्यात बसून राहिलो. खाडीवरून गार वारा येत होता. दहाच्या सुमारास अण्णा थकून आले.

“अण्णा, मी खोटे बोललो,” एवढेच मला म्हणता आले.

“मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “पोटभर जेवलास का?”

“नाही.”

“मीही नाही. आम्ही वाढपी शेवटी बसतो. तोवर पुलाव संपला होता. चल वर.”

काकूंनी पिठले-भाकरी वाढली. जमिनीवर बसून आम्ही दोघे एकाच ताटात जेवलो. ‘अरे बाळ्या, मिरची घे’ असे अण्णा म्हणाले, तेव्हा माझे डोळे भरून आले.

त्यानंतर मी अनेक समारंभांत जेवलो. आजही कोणी वाढायला आले, की मी आधी मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि विचारतो, “तुमचे जेवण झाले का?”