भांडाराचे घड्याळ

मराठीच्या प्राध्यापकांकडे गावातले लोक बहुधा दोन कामांसाठी येतात : लग्नपत्रिकेचा मजकूर पाहून घ्यायला, नाहीतर अर्जाचे शुद्धलेखन तपासून घ्यायला. राहात्यात इतकी वर्षे काढल्यावर आम्हां दोघांनाही त्याचे काही वाटेनासे झाले आहे. मागच्या दिवाळीत मात्र आमचा एक जुना विद्यार्थी जे कागद घेऊन आला, त्यांनी आमचीच परीक्षा घेतली. तो दूरच्या एका जिल्ह्यात विजेच्या साहित्याच्या भांडारात काम करतो. पुढच्या दहा वर्षांची वाढ गृहीत धरून त्या भांडाराची आणि तिथून होणाऱ्या वाहतुकीची नवी मांडणी कशी असावी, यावर त्याने बारा पानांचे टिपण लिहिले होते. "सर, मॅडम, मजकुराला हात लावू नका, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा," एवढीच त्याची विनंती होती.

टिपण चांगले होते. जे रोज लागते ते दाराजवळ, क्वचित लागते ते आत. रोहित्रांचे तेल आगीच्या भयाने बाकी सगळ्यापासून दूर. जळालेली रोहित्रे एका फाटकाने आत यावीत आणि दुरुस्त झालेली दुसऱ्या फाटकाने बाहेर जावीत, म्हणजे दोहोंची गल्लत होणार नाही. मागणी नोंदवल्यापासून वस्तू हाती येईपर्यंत जितके दिवस जातात, तितक्या दिवसांची गरज भागेल एवढा किमान साठा. शिवाय रब्बीत पंप एकाच वेळी चालू होतात, भार वाढतो आणि रोहित्रे जळतात. म्हणून हा आकडा हंगामागणिक वेगळा. वाङ्मयेतिहासाचे खंड आम्ही आमच्या कपाटात इतक्या विचाराने लावलेले नाहीत.

खटकले ते व्याकरण. 'साहित्य उपलब्ध करून देण्यात येईल', 'रोहित्र पाठविण्यात येईल' : बाराही पानांवर कर्ता नाही. 'वाट पाहणे' हे क्रियापद तर एकदाही नाही. आम्ही ते बोलून दाखवले.

राहात्याच्या परिसराला विजेची वाट पाहणे नवे नाही, आणि ती आपण होऊन आणण्याची हौसही नवी नाही. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर देशात ज्या पहिल्या ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यांत आमच्याकडची मुळा-प्रवरा ही एक. श्रीरामपूर, राहुरी, राहाता आणि लगतच्या तालुक्यांतील गावांना तिची वीज मिळे. ३१ जानेवारी २०११ रोजी तिचा परवाना संपला आणि काम महावितरणकडे गेले. ती कंपनीही २००५ साली वीज मंडळाच्या विभाजनातून जन्मलेली. पाट्या बदलल्या, पण शेतातला शब्द तोच राहिला : 'डीपी'. कागदावर रोहित्र नादुरुस्त होते. बांधावर डीपी जळते. एकाच लोखंडी पेटाऱ्याची ही दोन नावे आम्ही आजवर केवळ बोली आणि प्रमाणभाषा यांचे उदाहरण म्हणून वर्गात सांगत आलो.

विद्यार्थ्याने आम्हाला तिथेच थांबवले. ग्रामीण भागात निकामी रोहित्रासाठी वीज नियामक आयोगाच्या मानकांत ४८ तासांची मुदत आहे, हे त्याने सांगितले. "पण आमच्या वहीत तास मोजायला सुरुवात होते ती जळालेली डीपी फाटकातून आत आल्यावर. त्याआधी लोकांनी वर्गणी काढली, ट्रॅक्टर शोधला, चार माणसं जमवली, ते कुठंच लिहिलेलं नसतं. मी एफवायला असताना आमचा गहू त्याआधीच वाळला होता."

एफवायला असताना तो सलग नऊ दिवस वर्गात नव्हता. आम्हाला ते आठवले, कारण त्या अनुपस्थितीबद्दल आम्ही त्याचे अंतर्गत गुण कापले होते. कारण विचारले नव्हते. आमच्याही वहीतले घड्याळ वर्गाच्या दारापाशीच सुरू होत होते.

गंमत अशी, की त्याच वर्षी आम्ही त्याला शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले पत्र शिकवले होते. दाणा-गवत आताच उधळले तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग लष्कर रयतेला उपद्रव देईल. दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. आम्ही ते गद्याच्या ठसक्यासाठी शिकवले. वास्तविक ते साठ्याच्या व्यवस्थेवरचे पत्र आहे. त्यातला हिशेब कोठारात किती मावते इथून सुरू होत नाही; पावसाळा संपेपर्यंत काय पुरले पाहिजे आणि न पुरल्यास झळ कोणाला लागेल, इथून सुरू होतो.

'भविष्यातील वाढ' या शब्दांकडे आम्ही मग त्या नजरेने पाहिले. आमच्या तालुक्यात वाढ डोळ्यांसमोर आहे. शिर्डीचा विमानतळ २०१७ साली सुरू झाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. असे रस्ते झाले की लहान भांडारे मोडून एकच मोठे भांडार करावे, असा मोह होतो. टिपणातही तसा प्रस्ताव होता. पण खरे अंतर महामार्ग सोडल्यावर सुरू होते. पावसात काळ्या मातीतले शेवटचे दोन किलोमीटर आधीच्या दोनशेंना भारी पडतात. शिवाय २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली आहे. डीपी जळाली की सगळा शिवार एकत्र ओरडतो. सौरपंपाचा नियंत्रक बिघडला तर एकटा शेतकरी थांबतो, आणि एकट्याचे थांबणे ऐकू येत नाही. उद्याच्या भांडाराला थोड्या अवजड वस्तूंऐवजी पुष्कळ लहान सुटे भाग ठेवावे लागतील, आणि तेही शेतांच्या जवळ.

हे सारे त्याला आमच्याहून चांगले कळत होते. त्याने एकत्रीकरणाचा परिच्छेद स्वतःच खोडला. आम्ही ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि विनंती मोडून एकच वाक्य घातले : 'शेतकऱ्याची वीज केव्हा गेली, ती वेळ भांडारातील वहीच्या पहिल्या रकान्यात लिहावी.'

महिन्याभराने पक्की प्रत आली. 'शेतकऱ्याची' जागा 'ग्राहकाची' झाली होती. रकाना मात्र राहिला होता.