स्वखर्च म्हणजे कोणाचा खर्च?



'स्वखर्च' हा शब्द खोटा आहे. पीएच.डी.च्या फॉर्मवर एक रकाना असतो. फेलोशिप असेल तर तिचं नाव लिहा, नसेल तर 'स्वखर्च' लिहा. मी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते आहे आणि दरवर्षी तिथं 'स्वखर्च' असं लिहिते. घरी मात्र एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात या स्वखर्चाचा पैन् पैचा हिशेब आहे, आणि त्यात 'स्व' फार थोडा आहे.

वहीतलं थोडं वाचून दाखवते. पहिल्या वर्षाची फी : महिला बचत गटाचं १५,००० कर्ज, महिना दीड टक्का व्याज. कोर्सवर्कसाठी २२ दिवस बिनपगारी रजा : तो महिना घर नवऱ्याच्या ओव्हरटाइमवर चाललं. ते वालीवच्या एका गाळ्यात मोल्डिंगच्या मशीनवर उभे असतात, बारा तासांची पाळी. प्रश्नावलीच्या झेरॉक्स, १,८०० : आईनं दिले. आई चार घरची भांडी घासते. रेल्वेचा पास : नणंदेनं दोन वेळा काढून दिला. मराठी टायपिंग : वस्तीतला एक पोरगा करून देतो. पानाला दहा रुपये हा बाजारचा भाव. तो घेत नाही. म्हणतो, "ताई, माझं नाव छापा फक्त." त्याच्या नावासमोर मी आकडा मांडून ठेवला आहे. आज ना उद्या द्यायचा आहे.

सांगा, यातला कोणता खर्च माझा?

कोणी म्हणेल, बाई, फेलोशिप का घेत नाही? त्याचं उत्तर सोपं आहे. फेलोशिप पूर्णवेळ संशोधकाला असते. नोकरी ठेवून शिकणाऱ्याला नसते. मी एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. शाळेचं नाव कशाला सांगू, अशा शाळा गल्लोगल्ली आहेत. दर महिन्याला माझ्या खात्यात २६,००० जमा होतात आणि दुसऱ्या दिवशी ११,००० रोख ऑफिसात परत न्यायचे असतात. पावती नाही. कागदावर मी पगारदार बाई. हातात १५,०००. नोकरी सोडावी तर फेलोशिप मिळेलच याची खात्री नाही, आणि मिळाली तरी पैसे कधी येतील याचा नेम नाही. चूल तर रोज पेटवावी लागते. नोकरी ठेवावी तर फेलोशिप नाही. शिवाय संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र पाहिजे. त्यासाठी मी तीन महिने चपला झिजवल्या.

ज्यांच्या बापाच्या नावावर नोकरी, घर, शेती आहे त्यांचा स्वखर्च खरंच स्वतःचा असू शकेल. आपला नसतो. आपल्यात एक माणूस शिकतो तेव्हा दहा माणसं पोटाला चिमटा घेतात.

हा प्रश्न जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं तोच मांडला. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर! रयतेच्या पोरांना निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्या, अशी त्यांची मागणी होती. वर्ष होतं १८८२. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला २००९ साली आणि लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. मधे सव्वाशे वर्षं गेली. त्या सव्वाशे वर्षांत किती पिढ्या बिनशाळेच्या मेल्या, त्यांची बेरीज कोणत्या प्रबंधात आहे?

आपण बाबासाहेबांचं उदाहरण देतो. पण बडोद्याची शिष्यवृत्ती एवढंच सांगून थांबतो. पुढचं सांगत नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. मग त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पै पै मागे टाकली. नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये कर्ज घेतलं. शाहू महाराजांनी मदत केली. तेव्हा कुठं १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. मागे परळच्या बीआयटी चाळीत रमाई घर ओढत होत्या. प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला लावला, तोवर हातातले पैसे संपले. १९२३ साली मुंबईला येऊन त्यांनी तो दुरुस्त केला आणि इथून पाठवला. त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. प्रबंधाचं नाव 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. रुपयाचा प्रश्न सोडवणाऱ्याच्या घरातही रुपयाचाच प्रश्न होता.

कोलंबियाचीही तीच गोष्ट. तिथल्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती द्याव्या लागत. पुस्तक छापून निघालं १९२५ साली, पदवी हातात आली १९२७ साली. जगातला एवढा मोठा विद्वान, पण छपाईपाशी अडकला होता.

म्हणूनच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्या घरात तिला 'स्कॉलरशिप' म्हणतात. माझा मोठा भाऊ तिच्यावर शिकला. ती सरकारची मेहेरबानी नव्हे. जोतीरावांनी सांगितलेल्या महसुलाची ती परतफेड आहे. आणि तीसुद्धा पुरी नव्हे.

आणि आज काय चाललंय? २०१५च्या ऑक्टोबरात यूजीसीनं नेट नसलेल्या संशोधकांची फेलोशिप बंद करायचं ठरवलं. पीएच.डी.ला महिना ८,००० रुपये, तेवढेही डोळ्यात खुपले! पोरं दिल्लीत यूजीसीच्या दारात बसली, लाठ्या खाल्ल्या. पुढच्याच जानेवारीत, १७ तारखेला, हैदराबादला रोहित वेमुला गेला. त्याचं शेवटचं पत्र आपण सगळ्यांनी वाचलंय. ताऱ्यांच्या गोष्टी आपल्याला पाठ आहेत. पण त्या पत्रात हिशेबही होता. सात महिन्यांची थकलेली फेलोशिप, १ लाख ७५ हजार. त्यातून एका मित्राचे ४० हजार द्यायचे होते. मित्रानं कधी मागितले नव्हते, तरी द्यायचे होते. मी ते पत्र वाचलं तेव्हा मला माझी वही दिसली. आपला संशोधक मरतानाही देणं विसरत नाही. ज्यांनी त्याचं देणं थकवलं त्यांना मात्र झोप लागते.

आपल्या महाराष्ट्रात बार्टीच्या फेलोशिपसाठी २०२३ साली ८६१ संशोधक आझाद मैदानावर बसले. उन्हात, आठवड्यामागून आठवडे. सरकार म्हणत होतं, जागा २००. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं, पीएच.डी. करून काय दिवे लावणार? विषय दुसऱ्या एका संस्थेच्या फेलोशिपचा होता, पण चटका सगळ्यांना बसला.

दिवे कुठले लावणार ते सांगते.

माझा विषय आहे वसई तालुक्यातल्या वस्त्यांमधून सातवी-आठवीत शाळा सोडणाऱ्या मुली. इथं २००९ साली महानगरपालिका झाली, तरी पुढं वर्षानुवर्षं सरकारी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्याच राहिल्या. लोक मात्र लोंढ्यानं येत गेले. मुंबईत खोली परवडत नाही म्हणून आले. आम्हीही तसेच. आजोबा बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून मुंबईला, बाप मुंबईतून नालासोपाऱ्याला. लोक आले, शाळा त्या मानानं आल्या नाहीत. ती जागा गाळ्यातल्या, मजल्यावरच्या खाजगी इंग्रजी शाळांनी भरली. आईबापानं कर्ज काढून पोरं तिथं घातली.

ग्रंथालयातली पुस्तकं मुलींच्या गळतीचं कारण सांगतात : पालकांची उदासीनता. मी प्रश्नावल्या घेऊन घरोघर फिरले. एका चाळीत तेरा वर्षांची मुलगी इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवत बसली होती. सातवी झाल्यावर शाळा सुटलेली. तिच्या आईनं माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले. मग म्हणाली, "मॅडम, तुमचं समदं लिव्हून झालं का? आता मह्या एका सवालाचं उत्तर द्या. ह्यो कागद भरल्यावर मही पोरगी साळंत जाईन का?"

माझ्या प्रश्नावलीत ४० प्रश्न होते. तिचा एक त्या सगळ्यांना भारी पडला.

खोदून विचारलं तेव्हा कळलं. फी थकली म्हणून खाजगी शाळेनं दाखला अडकवून ठेवला होता. आणि दाखला नाही म्हणून दुसऱ्या शाळेत प्रवेश नाही. मग पुढच्या घरी विचारलं, त्याच्या पुढच्या घरी विचारलं. दाखला, दाखला, दाखला! उदासीन पालक मला भेटले नाहीत. शाळेच्या दारातून चार-चार वेळा परत पाठवलेले पालक भेटले. पुस्तकात ज्याला उदासीनता म्हणतात ती थकलेली फी असते. पण असं लिहिलं तर दोष शाळेकडे जातो, म्हणून लिहीत नाहीत.

२००९च्या कायद्याचं कलम ५ वाचा. मूल दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल तर आधीच्या मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. मी ते कलम मराठीतून छापून घेतलं. विहारातली दोन पोरं आणि त्या मुलीची आई बरोबर घेतली आणि जिल्हा परिषदेच्या, आठवीचा वर्ग असलेल्या शाळेत गेलो. दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला मुलीचं नाव पटावर चढलं. संध्याकाळी ती अजून खडे चिकटवते. पण दिवसा शाळेत असते.

हे मी मार्गदर्शकांना सांगितलं. ते म्हणाले, "हा हस्तक्षेप झाला. संशोधन नव्हे. संशोधकानं तटस्थ राहावं." मी म्हटलं, "सर, मी तटस्थ राहिले असते तर दाखल्याची गोष्ट मला कळलीच नसती. बाईनं मला सांगितली ती मी त्यांच्यातली म्हणून." ते गप्प राहिले. मग म्हणाले, वेगळं प्रकरण करा, पद्धतीच्या चौकटीत बसवा. बसवते आहे. विषय भावनिक आहे, असंही ते म्हणाले होते. पोट भरलेल्याचा विषय वस्तुनिष्ठ, भुकेल्याचा भावनिक!

दुसरा आग्रह इंग्रजीत लिहा हा होता. म्हणे वाव मिळतो. मी मराठीत लिहिते आहे. आमच्या सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, आठव्या आणि नवव्या लेखाचे. ते लोकांच्या बोलीत, प्राकृतात कोरलेले आहेत. एवढा मोठा राजा, त्याला लोकांच्या भाषेची लाज वाटली नाही. मग मी कोण? ज्यांच्यावर प्रबंध लिहिला त्यांना तो वाचता येत नसेल तर तो कोणासाठी लिहिला?

आता तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. तुम्ही मोर्चात पुढं असता, जयंतीला रात्र रात्र जागता, म्हणून हक्कानं बोलते.

एक. फेलोशिपचा लढा सोडू नका. २०२३च्या जानेवारीपासून केंद्राच्या फेलोशिपची रक्कम महिना ३७,००० झाली, पुढच्या टप्प्याला ४२,०००. ती मागताना मान खाली घालू नका. आणि नोकरी करत शिकणाऱ्यांचं काय, हाही प्रश्न मागण्यांत घाला. आमच्या बायका, आमचे कंत्राटी मास्तर याच गटात आहेत. आझाद मैदानावर जे बसले त्यांच्यात आम्ही नव्हतो, कारण त्या दिवशी आमचा पगार कापला गेला असता.

दोन. नियम माहीत करून घ्या. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीत अर्धवेळ पीएच.डी.ला जागा आहे. प्रबंधाआधी जर्नलमध्ये लेख छापलाच पाहिजे, ही सक्ती तीत ठेवलेली नाही. तरी आपली पोरं हजारो रुपये देऊन भलत्याच जर्नलांत लेख छापतात. बायकांना दोन वर्षं जादा मिळतात. बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. माझ्या ओळखीच्या एका बाईनं हे माहीत नसल्यामुळं नाव काढून घेतलं. नियम त्यांच्या बाजूचे असले की ते भिंतीवर लावतात. आपल्या बाजूचे असले की आपल्यालाच शोधावे लागतात.

तीन. १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेला किती जातात याचा हिशेब एकदा विहारात मांडा. मी मिरवणुकीच्या विरोधात नाही, मीही नाचते. पण एका रात्रीच्या भोंग्यात आपल्या दोन पोरांची वर्षाची फी असते. विहारात एक पेटी ठेवा, शिकणाऱ्यांसाठी. देणारा सांगणार नाही, घेणारा लाजणार नाही. आणि नोकरीला लागल्यावर घेतलेलं परत टाकायचं, व्याज म्हणून आणखी एका पोराला शिकवायचं.

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या फीची तारीख महिनाअखेर आहे. भिशी या महिन्यात लागेल असं वाटतं. नाही लागली तर नवरा म्हणतात, "गाडी विकू." गाडी म्हणजे त्यांची जुनी सायकल! हसून घेतो आम्ही. पण फी भरणार. प्रबंधाच्या विद्यापीठाला लागतील तेवढ्या प्रती देईन, आणि एक जास्तीची बांधून आणीन. ती विहारात राहील. कोणीही यावं, चाळावी, चुका काढाव्या. त्या आईनंही यावं. तिच्या लेकीनं तिला वाचून दाखवावं.

तोवर एक काम रविवारी करता येईल. आपापल्या वस्तीत किती मुलींचे दाखले अडकले आहेत ते घरोघर जाऊन लिहून काढा. त्याला पीएच.डी. लागत नाही. कागद, पेन आणि कलम ५ पुरे.

जयभीम.