घरचे गाणे, घरचा ठेका

मुले मोबाइल आणि संगणकाला चिकटून बसतात, ही तक्रार आपल्या घराघरांतून ऐकू येते. ती खोटी नाही. पण त्याच यंत्रावर आपल्या घरचे गाणेही चढवता येते, हे आम्ही घरच्या सहाजणांनी या सुट्टीत अनुभवले, म्हणून हे चार शब्द.

संगणकावर ठेक्याचे खेळ असतात. गाणे वाजते, पडद्यावर खुणा सरकत येतात आणि नेमक्या ठोक्याला बटण दाबायचे असते. जपानच्या नामको कंपनीने २००१ साली तायको नावाच्या ढोलावर बेतलेला असा खेळ काढला. पुढे २००७ साली ऑस्ट्रेलियाच्या डीन हर्बर्ट यांनी ‘ओसू’ हा खेळ आणला. त्यातही ढोलाचा प्रकार आहे. मधल्या थापेला लाल खूण, कडेच्या थापेला निळी. खेळ फुकट आहे आणि त्यातली गाणी खेळणारेच बसवतात.

हे कळल्यावर मुले म्हणाली, “मग अण्णांचं गाणं का नको?”

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांनी ३० वर्षे गायन पार्टीत ढोलकी वाजवली, गाणीही रचली. त्यातले एक गाणे कॅसेटवर निघाले, पण वेष्टनावर त्यांचे नाव नव्हते. त्याविषयी घरात कोणी बोलत नसे. आता अण्णांची बोटे पूर्वीसारखी वळत नाहीत. गाणे धरून ठेवायचे तर आत्ताच.

आम्ही निवडले ते दुसरे गाणे, पहाटेच्या पाळीला निघणाऱ्या बायकांचे. आमची खोली १० बाय १२, वर पत्रा. रात्री ११ नंतर वस्ती शांत झाली की दारावर गोधडी टांगायची, पंखा बंद, मोबाइल उशीवर. ढोलकी आवाज गिळून टाकते, म्हणून आधी नुसती ढोलकी घेतली. मग ती कानात ऐकत अण्णा गायले. झील आईने आणि मुलींनी धरली. ‘ऑडॅसिटी’ या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामवर दोन्ही एकत्र जोडले आणि मागची घरघर कमी केली.

खरी अडचण पुढे आली. पहिला ठोका कोणत्या क्षणी पडतो आणि मिनिटाला किती ठोके आहेत, हे खेळाला सांगावे लागते. अण्णांचे गाणे १०० ठोक्यांवर सुरू होते, म्हणजे दोन ठोक्यांत ६०० मिलिसेकंद. शेवटच्या कडव्याला ते १२० वर जाते, म्हणजे ५००. धाकटा म्हणाला, कानात टिकटिक लावून एका लयीत पुन्हा म्हणा. अण्णा म्हणाले, “गाणं चढतं रे बाळा. घड्याळ चढत नाही.”

गाणे बदलायचे नाही असे ठरले. ओसूत लय जिथे बदलते तिथे नवी नोंद करता येते. थोरलीने दोन रात्री बसून कडव्याकडव्याची लय नोंदवली. डाव्या पुडीचा घुमार लाल, उजव्या पुडीवरची बोटे निळी, असा अण्णांचा हात पडद्यावर उतरला.

मग नावाची जागा आली. गायकाचे नाव तिथे दोनदा लिहिता येते, एकदा इंग्रजी अक्षरांत आणि एकदा आपल्या लिपीत. थोरलीने अण्णांचे पूर्ण नाव देवनागरीत लिहिले. अण्णांनी चष्मा लावून ते वाचले आणि एक वेलांटी दुरुस्त करायला लावली.

आता शेजारची मुलेही हे गाणे खेळतात. शेवटच्या कडव्याला भल्याभल्यांची बोटे चुकतात, तेव्हा अण्णा गालातल्या गालात हसतात.

दुसऱ्याचे गाणे घालायचे तर परवानगीचा प्रश्न येतो. घरचे गाणे मात्र आपले असते. वाचकहो, आपल्या घरात एखादी आजी, आत्या, मामा गाणारा असेल तर खेळाचे पुढे पाहता येईल. आधी आवाज उतरवून घ्या. गाणे कोणी रचले, कोणी गायले आणि कोणत्या साली, हे फाइलवर लिहा. एक प्रत दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. आणि गाणाऱ्याचे नाव लिहिताना ते त्यालाच एकदा वाचून दाखवा.